दाढ भाजावी का?

शिमगा सरला की कर्जत, मुरबाड, शहापूर, जव्हार या पट्ट्यात संध्याकाळच्या सुमाराला खाचराखाचरांतून धूर उठू लागतो. भाताचं रोप जिथे करायचं तो तुकडा, म्हणजे दाढ, भाजून काढण्याचे हे दिवस. काम दिसतं सोपं, पण त्याची रीत ठरलेली आहे. आधी जमिनीवर शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळाचे वाळलेले टाहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर मातीची पातळ पाखरण, म्हणजे आग भडकत नाही आणि राख उडून जात नाही. वारा जिकडे जातो त्या टोकाला पेटवायचं, म्हणजे आगीला वाऱ्याविरुद्ध रांगत यावं लागतं आणि खालची माती सावकाश, सारखी भाजून निघते. या भाजणीला राब म्हणतात. रोहिणी-मृगात राखेवर भात पेरायचं आणि २१ ते २५ दिवसांची रोपं झाली की उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावायची. साधारण एक गुंठा दाढ दहा गुंठे लागवडीला पुरते. हा एकास दहाचा हिशेब लक्षात ठेवावा, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरच आहे.

राब करावा की सोडावा यावर उत्तर कोकणात दोन तट आहेत. एका बाजूला कृषी खात्यातले, विद्यापीठातले, जंगलाची काळजी वाहणारे लोक; दुसऱ्या बाजूला ज्यांच्या खाचरात भात उभं राहतं ते. मी पहिल्या तटातला आहे, पण त्या तटाची सगळी कारणं मला पटत नाहीत, म्हणून हा वाद मोकळेपणानं मांडतो आहे. समोर मी अण्णांना बसवलं आहे. अण्णा म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. राबाच्या बाजूनं जे जे बळकट बोललं जातं ते मी त्यांच्या तोंडी घातलं आहे, आणि वयाच्या मानानं ते मला अरे-तुरे करतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. राब ही अडाणी चाल कधीच नव्हती. पण ती ज्या जमाखर्चावर उभी होती तो आता मोडला आहे, आणि आज शेणपाला जाळणारा शेतकरी एका गुंठ्याचं भलं करताना नऊ गुंठ्यांच्या तोंडचा घास काढून घेतो.

अण्णा सुरुवात तणापासून करतात. “तुमचे साहेब धुराबद्दल बोलतात, झाडांबद्दल बोलतात. तणाबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यांना ते उपटावं लागत नाही. पहिल्या पावसाला भात उगवतं तसं तणही उगवतं. त्यातलं एक गवत कोवळेपणी भातासारखंच दिसतं. पान तसंच, रंग तसाच. बायका कमरेत वाकून रोप काढतात तेव्हा वरून पाऊस झोडपत असतो. अशा वेळी कोण एकेक काडी तपासून बघणार? हाताला लागेल ते मुठीत जातं, मूठ खाचरात जाते, आणि आपण आपल्याच हातानं तण लावून येतो. ते कळतं कधी, तर कणीस बाहेर पडल्यावर. भाजलेल्या दाढेत ही भानगड नाही. आणि दुसरी गोष्ट, भाजलेली माती भुसभुशीत होते. रोप नुसतं ओढलं की मुळांसकट येतं. न भाजलेल्या दाढेत ते चिवटपणे धरून बसतं, जोर लावला की मूळ तुटतं, आणि मूळ तुटलेलं रोप खाचरात आठ दिवस पिवळं पडून राहतं. हे तुझ्या पुस्तकात आहे का?”

पुस्तकात आहे, अण्णा, आणि यातलं एक अक्षरही मी खोडणार नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी राबाचा खास अभ्यास केला. त्या काळच्या जाणकारांपुढचं कोडं असं होतं की रोप जोमदार होतं ते राखेमुळे की भाजल्यामुळे. आज याचं उत्तर बरंचसं उलगडलेलं आहे. जाळाची धग वरच्या दोन-तीन बोटं मातीत शिरते. तेवढ्यात पडलेलं तणाचं बी मरतं, किडीची अंडी मरतात. मातीतले सूक्ष्मजीवही बरेचसे मरतात, पण जे उरतात ते पहिल्या ओलीला झपाट्यानं वाढतात, आणि या उलथापालथीत मातीतलं नत्र रोपाला घेता येईल अशा रूपात मोकळं होतं. राखेतून पालाश मिळतं, थोडं स्फुरद मिळतं, आणि आपल्या जांभ्याच्या आंबट मातीला चुन्याचा हात लागतो. म्हणजे राबानं एकाच वेळी खुरपणी, खत आणि औषध अशी तीन कामं होत होती, तीही गावाबाहेरून काहीही विकत न आणता. ज्यांनी ही रीत बसवली त्यांना रसायनशास्त्र येत नसेल, पण रोपाची पारख पक्की होती. तेव्हा “राब अशास्त्रीय आहे” असं जे सरकारी पत्रकांत छापलं जातं, ते मला मान्य नाही. राबाला अशास्त्रीय म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, ते याच कारणानं.

अण्णांना एवढ्यानं समाधान नाही. “मग भांडण कशाचं? आमच्या आजोबांच्या वेळी गोरा साहेब हेच सांगत होता. डोंगर बोडके केले ते म्हणे राबवाल्यांनी. झाड तोडणारा ठेकेदार वेगळा, कोळसा पाडणारा वेगळा, आणि नाव आमचं. अरे, ऐनाचा टाहाळ तोडला तर पुढच्या पावसात तो पुन्हा फुटतो. दरवर्षी फुटतो. ज्याच्या जिवावर दाढ भाजायची ते झाड आम्ही मुळातून कशाला तोडू?” इतिहासात अण्णांची बाजू खरी आहे. १८७८ चा जंगल कायदा आल्यावर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत डोंगरामागून डोंगर राखीव झाले, आणि टाहाळ तोडणं हा एकाएकी गुन्हा ठरला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यानं शेतकऱ्याची गायरानं आणि डोंगरकपाऱ्या कशा गिळल्या याचा जळजळीत समाचार घेतला आहे. ओरड इतकी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला जंगलाच्या प्रश्नावर आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ साली आला. मुंबईला लागणारं सरपण, इमारती लाकूड आणि कोळसा याच डोंगरांतून जात होता, त्यामुळे बोडक्या डोंगराचा सगळा दोष टाहाळ तोडणाऱ्याच्या माथी मारणं हा शुद्ध अन्याय होता. माझ्या तटातल्या मंडळींनी आजही जंगलाचं कारण पुढे केलं की अण्णांना हाच जुना अन्याय आठवतो, आणि चर्चा तिथेच थांबते. म्हणून झाडाचं कारण मी माझ्या यादीतून काढून टाकतो.

पण अण्णा, याच इतिहासात माझ्याही बाजूचा एक पुरावा आहे. खाचर एकटं कधीच नव्हतं. खाचराच्या जोडीला वरकस होती, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. तिच्यात दोनचार वर्षं नाचणी-वरी घ्यायची, मग ती मोकळी सोडायची, आणि त्या मोकळ्या वर्षांत तिथलं गवत गुरांना, टाहाळ राबाला. सरकारही वरकसवर सारा कमी आकारायचं. एका खाचरामागे कितीतरी वरकस, वरकसवर चरणारी दावणभर गुरं, आणि टाहाळ उतरवायला घरातले पाचसात हात, असा तो संसार होता. या तीन खांबांवर राब उभा होता. आज वरकसचं काय झालं? नेरळपासून मुरबाडपर्यंत कुठल्याही रस्त्यानं गेलं तर दिसतं. उताराच्या जमिनी फार्महाऊससाठी विकल्या गेल्या, त्यांना तारेची कुंपणं पडली, आत लॉन लागलं. गुरांचं म्हणाल तर २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात महाराष्ट्रातल्या गाईबैलांची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आली. नांगर ओढायला पॉवर टिलर आला, आणि टिलर शेण टाकत नाही.

यावर अण्णा हसतात. “म्हणजे राब आपल्या मरणानंच मरणार म्हणतोस. मग तू कशाला त्याच्या पाठी लागलास? शेण नसेल तर नाही भाजणार. असेल तेवढं भाजू.” नेमकं “असेल तेवढं भाजू” हेच मला नको आहे. गोठ्यात बारा गुरं होती तेव्हा दाढेला घालूनही शेण उरायचं, ते उकिरड्यावर जायचं आणि पावसाआधी खाचरात पडायचं. आता गोठ्यात दोन गुरं आहेत. वर्षभराचं शेण मोजकं. दाढेची मागणी मात्र कमी झालेली नाही. एकराला चार गुंठे दाढ तेव्हाही लागायची, आजही लागते. त्यामुळे जे थोडं आहे ते आधी दाढेला जातं, आणि उरलेल्या खाचराला शेणखताचं दर्शनही होत नाही. जे सढळ होतं तेव्हा जाळणं परवडलं, ते टंचाईत जाळायचं का, असा साधा प्रश्न आहे. शेण-पाला जाळला की त्यातलं पालाश, चुना, बरंचसं स्फुरद राखेत राहतं हे खरं, पण नत्र बहुतेक सगळं धुरावाटे उडून जातं, आणि सेंद्रिय भाग तर जळण्यासाठीच घातलेला असतो. उरलेल्या राखेतलं पालाश पाण्यात सहज विरघळतं. कोकणातला जूनचा पाऊस कसा येतो हे तुम्हाला सांगायला नको. पेरणीनंतरच्या दोन दांडग्या सरींत त्या राखेतला किती भाग दाढेत राहतो आणि किती ओहोळाला लागतो, हे पाण्याचा रंग बघूनच कळतं.

“आकडा सांग, आकडा,” अण्णा म्हणतात, आणि आकडा माझ्या तटाला वाटतो तितका सोयीचा नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखतात टनामागे साधारण ५ किलो नत्र धरतात. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणजे एक टन शेणखत वाया गेलं तर अकरा किलोच्या आसपास युरियाइतकं नत्र गेलं, ४५ किलोच्या गोणीचा पाव भाग. अण्णा हिशेबाला पक्के आहेत. “गोणी मिळते २६६ रुपयांना. पाव गोणीचे झाले पासष्ट-सत्तर. एवढ्यासाठी तू मला आजोबांची रीत सोडायला सांगतोस? सत्तर रुपयांत माझी दाढ तणाविना राहते, तर ते स्वस्तच पडलं.”

अण्णांचा हा टोला जिव्हारी लागणारा आहे, आणि माझ्या बाजूचे बरेच लोक इथेच गडबडतात, कारण ते राबाचं नुकसान नत्रात मोजतात. नत्र स्वस्त आहे, निदान सरकार त्याचा भार उचलतं तोवर. शेणखताचं खरं काम नत्र पुरवणं हे नाहीच. युरिया खाचरात फेकला आणि दुसऱ्या दिवशी बांध फुटेल एवढा पाऊस झाला तर तो पाण्याबरोबर खालच्याच्या शेतात जातो; फुकट गेलेल्या युरियाचा अनुभव नाही असा भातकरी सापडणं कठीण. मातीत सेंद्रिय भाग असला तर ती अन्न धरून ठेवते आणि लागेल तसं सोडते. त्याहून मोठी गोष्ट दसऱ्याच्या मागेपुढे कळते. हस्ताचा पाऊस दगा देतो, भात पोटरीत किंवा दुधात असतं, आणि पाऊस उघडला की उथळ, जांभ्याच्या खाचरांना आठवड्याभरात भेगा पडतात. तेव्हा ज्या खाचरात वर्षानुवर्षं खत पडलंय त्याची ओल दोन-चार दिवस जास्त टिकते, आणि त्या दिवसांत दाणा भरतो की पोचट राहतो हे ठरतं. युरियाच्या गोणीतून हे दोन-चार दिवस विकत मिळत नाहीत. आता यावर अण्णा विचारतील की दाढेचं शेण दहा गुंठ्यांत पसरलं तर गुंठ्याला येईल तरी किती? पहिल्या वर्षी फारसं काही येणार नाही, कबूल. पण दरवर्षी पडत गेलं तर त्याचा साठा होतो, आणि दरवर्षी जळत गेलं तर होत नाही. शिवाय शेण एकटं कशाला, पाला आहेच.

पाल्याची गोष्ट निघाली की नारायण सावंतांचं नाव घ्यावं लागतं. या कृषिशास्त्रज्ञानं कोकणातल्या भातासाठी चारसूत्री लागवड बसवली. दाढेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. गिरिपुष्पाचा हिरवा पाला लावणीआधी खाचरात गाडायचा, गुंठ्याला ३० किलोच्या हिशेबानं. रोपं १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर नेमकी लावायची. आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी सातदहा सेंटिमीटर खोल खोचायची. राख ऐकल्याबरोबर अण्णा मांडीवर थाप मारतात. “म्हणजे जाळणं आलंच की! आमची राख वाईट आणि तुमच्या शास्त्रज्ञाची चांगली?” आक्षेप बिनतोड वाटतो, पण तसा नाही. तूस गुरं खात नाहीत, त्याचं खत लवकर होत नाही, गिरणीच्या मागे त्याचे ढीग पडलेले असतात आणि ते चुलीत नाहीतर भट्टीत जळणारच असतं. त्याच्या राखेत सिलिका भरपूर. ती कोवळ्या रोपाला मिळाली की काडी टणक होते, खोडकिड्याला दाद देत नाही. शेण आणि टाहाळ यांना मात्र दुसरी, अधिक चांगली जागा आहे. सावंतांनी राख ठेवली आणि पाला आगीतून काढून चिखलात घातला. राबाचं मर्म ओळखून केलेली ही दुरुस्ती आहे, आणि माझ्या मते या विषयात कुणी केलेली सर्वांत शहाणपणाची.

अण्णांची पुढची अडचण मात्र खरी आहे. “टाहाळ आम्ही पौष-माघात तोडतो. तेव्हा शेतात काम नसतं, सावकाश होतं. गिरिपुष्पाचा पाला तोडायचा आषाढात, म्हणजे ऐन लावणीच्या धबडग्यात. तेव्हा एक माणूस मिळवायला दहा घरं फिरावी लागतात. तू कामाचा वेळ रिकाम्या महिन्यातून काढून भरलेल्या महिन्यात टाकतोयस.” याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. गिरिपुष्प बांधावर असतं, त्याचा भारा डोंगरावरून आणावा लागत नाही, बांधावरून खाचरात टाकायचा. त्यामुळे कामाचे तास एकूण कमी होतात. पण कमी झालेले तासही आषाढातच मोजावे लागतात, हे खरं. पौष-माघ रिकामा असतो हे म्हणणं मात्र आता तपासून घ्यायला हवं. कर्जत-खालापूर-पेण-सुधागडच्या कातकरी वाड्या दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात आणि परततात ते पावसाच्या तोंडावर. गावातली तरुण पोरं खोपोली, बदलापूर, मुरबाडच्या कारखान्यांत पाळीवर आहेत. ऐनावर कोयता घेऊन चढणारा माणूसच गावात नसतो. मागे उरतात म्हातारी माणसं आणि बाया. टाहाळाचा भारा डोक्यावर घेऊन उतार उतरणं, तो वाळवणं, पातेरा झाडून गोळा करणं, शेणाच्या पाट्या वाहणं ही कामं त्यांच्या माथ्यावर पडतात, आणि घरच्या बाईची मजुरी कुठल्याच वहीत लिहिली जात नसल्यानं राब फुकट होतो असं अण्णा सहज म्हणून जातात. रोजंदारीचा भाव लावून तेच भारे मोजले तर मघाचे पासष्ट-सत्तर रुपये कुठच्या कुठे राहतील.

राब सोडायचा म्हटलं की हल्ली नेरळच्या सगुणा बागेचं उदाहरण दिलं जातं. चंद्रशेखर भडसावळे यांनी तिथे विकसित केलेल्या पद्धतीत दाढच नाही. कायमचे गादीवाफे करायचे, लोखंडी साच्यानं ठराविक अंतरावर भोकं पाडून त्यांत थेट भात टोकायचं; नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. ज्यांना मजूर मिळत नाहीत त्यांच्यासाठी ही मोठी सुटका आहे, आणि मातीच्या दृष्टीनं मुळं न उपटण्याचा विचार मला फार आवडतो. पण अण्णांचा आक्षेप ऐकावा असा आहे. “तिथे पेरणीआधी तणनाशक मारतात. आग नको म्हणता आणि विष चालतं? आणि माझं खाचर ओहोळाच्या कडेचं, मृगाच्या तिसऱ्या दिवशी गुडघाभर पाणी. टोकलेलं भात बुडून कुजेल.” खोलगट, पाणथळ खाचरांना लावणीशिवाय पर्याय नाही, हे मला मान्य आहे, वीतभर उंचीचं रोपच त्या पाण्यात तग धरतं. तणनाशकाबद्दल मी एवढंच म्हणेन की डबा बाजारातून येतो आणि आग घरातून, म्हणून आग निर्दोष ठरत नाही. पण डब्याची सवय लागली की सुटत नाही, ही भीती रास्त आहे. सगळ्या जमिनींना एकच औषध सांगण्याचा सरकारी उत्साह इथे नडतो. माझा सल्ला लावणीच्याच शेतकऱ्याला आहे, आणि तो फक्त दाढेपुरता आहे.

धुराबद्दल दोन वाक्यं पुरेत. दिल्लीभोवतीच्या पराळीशी राबाची तुलना करणं चुकीचं आहे; तिथे मैलोन्‌मैल शेतं दिवाळीच्या गारव्यात, साचलेल्या हवेत जळतात, इथे दर शेतकऱ्याचे चार-दोन गुंठे वैशाखाच्या वाऱ्यात. वणव्याचंही तसंच: निगुतीनं, मातीची पाखरण करून आणि भोवती जागा साफ करून भाजलेला राब डोंगराला लागत नाही, घाईनं नुसतं गवत पेटवलेला लागतो, आणि माणसं कमी झाल्यापासून घाईचे राब वाढले आहेत.

राहिला पहिला प्रश्न, तणाचा. तो सुटल्याशिवाय अण्णा हलणार नाहीत, आणि हलूही नयेत. दाढ एवढीशी असते हेच इथे आपल्या कामी येतं. एकर खाचर खुरपणं ही शिक्षा आहे, चार गुंठे दाढ खुरपणं हे दीड-दोन दिवसांचं काम. अट एकच: भात फोकून पेरायचं नाही. चार फूट रुंदीचे, हातभर नव्हे पण पाणी निथळेल इतपत उंच वाफे करायचे आणि चार बोटांच्या अंतरानं ओळीत बी टाकायचं. ओळीत पेरलं की ओळीबाहेर उगवेल ते तण, भातासारखं दिसो वा न दिसो; अण्णा म्हणतात ती फसगत बरीचशी इथेच संपते. उंच वाफ्याची माती दाबली जात नाही, निचरा होतो, आणि त्यात कुजलेलं शेणखत व तुसाची राख मिसळलेली असली तर रोप उपटताना मूळ तुटत नाही. बी आधी मिठाच्या पाण्यात घालायचं, १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ; पोचट वर येईल ते काढून टाकायचं, तळाचं धुऊन सावलीत वाळवून पेरायचं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. तेव्हापासून या गोष्टी सांगितल्या जात आहेत, त्यात माझं काही नाही. तरीही शेतकरी पुन्हा भाजतो, कारण सांगणारा नेहमी “राब वाईट” इथून सुरुवात करतो आणि तणावर पोचायच्या आत ऐकणारा उठून जातो. शेवटी अण्णा म्हणतात, “तुझ्या बोलण्यावर माझं वर्षाचं भात पणाला लावू का?” नका लावू. एकदम सगळी दाढ बदला असं सांगणाऱ्याचा हात भाताच्या कोठारात नसतो.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. या वैशाखात दाढेचे दोन भाग करा. अर्धी नेहमीसारखी भाजा. उरलेल्या अर्धीचं शेण खड्ड्यात कुजवा, तिथे ओळीत पेरा, एकदा खुरपा. दोन्हींत बी सारखंच मोजून टाका. रोप काढायच्या दिवशी दोन्हीकडच्या मुठी वेगळ्या मोजा, मुळं बघा, आणि काढायला किती बायका लागल्या, किती वेळ लागला ते लिहून ठेवा, खुरपणीचा वेळही त्यात धरा आणि टाहाळ-पातेऱ्याचाही. न भाजलेल्या दाढेतल्या मुठी फार कमी भरल्या, तर पुढच्या वर्षी सगळी भाजा. मी हरकत घेणार नाही. गावच्या कृषी सहायकानं राबाविरुद्धची पत्रकं वाटण्याऐवजी त्या दिवशी बांधावर उभं राहून ही मोजणी करावी, आणि ते आकडे तालुक्याला न पाठवता आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत.